दोन विड्या थांबायचं : डिचोली, सत्तरी, मोलेम, पाच दिवस

दिवस पहिला, मोपा ते डिचोली

दादा म्हणजे माझा मावसभाऊ, गेली अठरा वर्षं अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो, आणि डिसेंबरात दोन आठवडे आला की त्यातले पाच दिवस माझ्या नावाचे, हे ठरलेलं. विमान गोव्यात मोप्याला उतरलं, बॅगा यायला तासभर गेला, आणि बाहेर आल्या आल्या पहिलं वाक्य काय तर "इथे रात्री हेडलॅम्प लागेल का रे?" म्हटलं आपण डिचोलीला जातोय, लाईट असते आमच्याकडे. तर जॅकेटच्या खिशातून हेडलॅम्प आणि नारिंगी प्लॅस्टिकच्या पट्टीचं एक रीळ काढून दाखवलं. हे जॅकेट शिकारीला घालतो ना, खिसे रिकामे करायचे राहिले म्हणे.

तर हो, आमचा दादा शिकार करतो. धनुष्यबाणाने. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून हा विषय म्हणजे थेट पोलीस आणि कोर्ट, पण तिकडे लायसन्स काढून, सीझनमध्ये, टॅग (म्हणजे एका जनावराचा परवाना) घेऊन लोक जातात. विस्कॉन्सिनला धनुष्याचा सीझन सप्टेंबरच्या मध्यावर उघडतो. घरात हे सगळ्यांना माहीत आहे पण आईसमोर कुणी काढत नाही. या वेळी आईनेच काढला. रात्री जेवणं झाली, बलकांवात (म्हणजे ओसरीवर) बसलो होतो, आणि ती म्हणाली, "एवढं मटण मिळतं तिथे दुकानात, त्या मुक्या जनावराच्या मागे कशाला लागतोस?"

मला वाटलं आता दादा फ्रीझर, ताजं मांस, हरणांची वाढलेली संख्या वगैरे सुरू करणार. पण त्याने ऑक्टोबरमधली एक फजिती सांगितली, आणि ती इतकी सविस्तर सांगितली की आई पानाचा डबा मांडीवर घेऊन तशीच ऐकत राहिली.

ऑक्टोबरअखेरची संध्याकाळ, थंडी चार डिग्री, दादा झाडावर मचाणासारखं असतं त्याच्यावर पंधरा फुटांवर बसलेला. एक नर आला, शिंगांना आठ टोकं, अंतर २२ यार्ड. म्हणजे आपली क्रिकेटची पिच, इकडच्या स्टंपपासून तिकडच्या स्टंपपर्यंत. जनावर आडवं उभं होतं, दोन्ही फुप्फुसं समोर, यापेक्षा सोपं काही नसतं म्हणे. बाण सुटला आणि त्याच क्षणी नराने एक पाऊल पुढे टाकलं. एकच पाऊल. बाण लागला पण मागे लागला.

आता इथे गंमत अशी की बंदुकीसारखा धक्का बाणात नसतो, बाण कापतो. ब्रॉडहेड म्हणजे बाणाचं ते ब्लेडवालं टोक आत जातं, रक्त वाहतं आणि त्याने जनावर मरतं. छातीत लागला तर शंभर-दीडशे यार्डांत, अर्ध्या मिनिटाच्या आत पडतं. पण नेमका कुठे लागला हे वरून कळत नाही, म्हणून मग पळताना कसं पळालं ते बघायचं. मागचे पाय झाडून उधळलं तर छाती. पाठीची कमान करून, शेपूट खाली घालून हळूहळू चालत गेलं तर पोट. दादाचा नर चालत गेला.

"मग खाली उतरलास आणि गेलास मागे?" मी विचारलं.

"तिथेच सगळे चुकतात. मी हललो नाही. अर्धा तास नुसता बसलो, मग उतरून बाण शोधला."

बाण आरपार जाऊन मातीत रुतला होता. त्याने तो उचलला आणि वास घेतला. (आईने इथे पदर नाकाला लावला.) बाणावर गुलाबी फेसाळ रक्त, त्यात बारीक बुडबुडे, म्हणजे फुप्फुस, अर्धा तास पुरे. काळपट लाल म्हणजे यकृत, चार ते सहा तास. आणि हिरवट-तपकिरी चिकट काहीतरी, वर घाण वास, म्हणजे आतडं. मग आठ ते बारा तास जायचं नाही म्हणजे नाही. कारण पोटात लागलेलं जनावर लांब जात नाही, जवळच कुठेतरी झाडोऱ्यात बसतं, त्याला कुणी छेडलं नाही तर तिथेच मरतं. छेडलं तर उठतं, आणि एकदा उठलं की मैलभर जातं, रक्त पण फार सांडत नाही कारण जखम आतड्याने बुजलेली असते, मग ते कुणाला सापडत नाही. ना माणसाला मिळालं, ना जनावर नीट मेलं.

बाण हिरवा होता. आणि फोनवर अंदाज होता, पहाटे तीनला पाऊस.

आता काय करायचं सांगा. थांबलं तर पाऊस सगळा माग धुणार, गेलं तर जनावर उठून पळणार. दादा घरी गेला, झोपला नाही, तीनला पाऊस आला तो खिडकीत उभं राहून बघितला. सकाळी रक्ताचा एक थेंब नव्हता. मग माग काढणारी कुत्री घेऊन फिरणारा एक माणूस असतो तिकडे, त्याला बोलावलं. मला वाटलं अल्सेशियन असेल, तर बुटकं, राठ केसांचं डॅशहंड, दोरीला बांधलेलं. रक्त धुतलं गेलं तरी हरणाच्या खुरांच्या फटीत एक ग्रंथी असते, जखमी जनावराचा तो वास कुत्र्याला कळतो म्हणे. चाळीस मिनिटांत त्याने साडेतीनशे यार्डांवर एका दलदलीच्या कडेला नेलं. पोटात लागलेलं जनावर पाण्याकडे जातं, हा पण नियमच. नर मेलेला होता, आणि एक मांडी रात्रीत कोयोट्यांनी, म्हणजे तिकडच्या छोट्या लांडग्यांनी, खाल्ली होती.

"उरलेलं आणलंस?" आई.

"आणलं ना. आणावंच लागतं मावशी. टाकून आलो असतो तर परत गेलोच नसतो कधी."

आईने पान लावलं आणि काही बोलली नाही. हे आमच्या घरी फार क्वचित होतं.

दिवस दुसरा, साखळीवरून वाळपई

सकाळी पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) गरम उंडे, म्हणजे पाव, पातळ भाजी, आणि निघालो. साखळीत थांबून दादाला भजी खायचीच होती. वाळपईच्या पुढे मामाचं कुळागर आहे, सुपारी, मिरी, केळी, मधून पाट वाहतो. म्हादई अभयारण्याची हद्द तिथून फार लांब नाही. जानेवारी २०२० मध्ये याच सत्तरीत गोळावलीला एक वाघीण आणि तिची तीन पिल्लं विषबाधेने मेली, तेव्हापासून इथे जनावरांचा विषय निघाला की लोक आधी तुमच्याकडे नीट बघून घेतात. दादाने भर दुपारी, मामाच्या शेजारचे म्हातारे आजोबा बसलेले असताना, मोबाईल काढून त्या नराचे फोटो दाखवले. मी मनात म्हटलं झालं.

पण आजोबांनी चष्मा लावला, फोटो बोटाने मोठा केला (नातवाने शिकवलंय) आणि शिंगांकडे बघितलंच नाही. बाणाच्या फोटोवर थांबले. "पोट," म्हणाले.

दादा उडालाच. मग पुढचे दोन तास मी आणि मामा नुसते चहा आणत होतो. आजोबा तरुणपणी रानात जायचे, ठासणीची बंदूक, हाक्याला वीस-पंचवीस माणसं, कुत्री. तो काळ गेला, गेला ते बरंच झालं असं स्वतःच म्हणाले, आता रानात मेरू दिसला की बघत बसावंसं वाटतं म्हणे. मेरू म्हणजे सांबर, आमच्याकडे मेरूच म्हणतात. पण माग काढायची भाषा दोघांची एकच निघाली. दादा म्हणाला आम्ही फुप्फुसाला अर्धा तास थांबतो, तर आजोबा म्हणाले, "आमकां खंय घड्याळ? दोन विड्यो."

गोळी लागली की कुणी जागचं हलायचं नाही. कुत्री धरून ठेवायची. दोन विड्या शांतपणे ओढायच्या, मग उठायचं. पोटात लागल्याचा संशय असेल तर घरी जाऊन जेवायचं, झोपायचं, उजाडल्यावर यायचं. आणि जो पोरगा धावत सुटला त्याला पुढच्या खेपेला न्यायचं नाही. दादाने विचारलं, विडी न ओढणारा असेल तर? आजोबा हसले, तसा कुणी नव्हताच म्हणाले.

एक गोष्ट मात्र दादाला माहीत नव्हती. रक्त शोधताना तो जमिनीकडे बघतो. आजोबा म्हणाले जमीन नंतर, आधी मांडीच्या उंचीला बघ, गवताच्या काड्या, रानातली रोपटी, करवंदीची पानं. जखमेच्या उंचीला रगत पुसलं जातं, आणि जमिनीवरचं आमच्या मातीत दिसतच नाही. त्यांनी पायाखालची माती उचलून दादाच्या तळहातावर ठेवली. लालभडक जांभ्याची माती. "हातूंत रगत सोद." यात रक्त शोध.

दिवस तिसरा, तांबडी सुर्ला आणि मग

दुपारी उसगावमार्गे मोलेम, तिथून आत तांबडी सुर्ला. देवळाबद्दल सगळ्यांनी लिहिलंय म्हणून फार लिहीत नाही. कदंबांच्या काळातलं, बाराव्या-तेराव्या शतकातलं, काळ्या बेसाल्टचं, आणि हा दगड इथला नव्हे, घाटावरून आणलेला. मंडपात एका खांबाच्या तळाशी हत्ती घोड्याला तुडवतोय असं कोरलंय ते बघायला विसरू नका, बहुतेक लोक सेल्फीत असतात. नदीवर पाय सोडून बसलो, अंधार पडायच्या आत निघायचं ठरवलं होतं आणि अर्थात अंधार पडल्यावर निघालो.

मोलेम नाका यायच्या थोडं आधी, दोन्ही बाजूंनी रान, आमच्या पुढे एक गाडी होती. तिचे ब्रेक लाईट एकदम पेटले, धप्प असा आवाज आला, गाडी तिरकी झाली, सावरली, आणि गेली. आम्ही पोचेपर्यंत डांबरावर काही नव्हतं. म्हणजे मला काही दिसलं नाही. दादाने खाली उतरून हेडलॅम्प लावला तर तांबूस करडे केस, दहा-बारा, आणि पसाभर रक्त. कडेच्या गवतात एक वाट पडलेली, दव नुकतं पडायला लागलं होतं त्यात काळी रेघ उमटल्यासारखी. आतून एकदा भुंकल्यासारखा आवाज आला. कुत्र्यासारखा, पण कुत्रा नव्हे.

"भेकर," मी म्हटलं आणि रस्ता सोडून आत घुसलो.

दादाने मागून शर्टाची कॉलर धरली. खरोखर धरली, वरचं बटण तुटलं. "दोन विड्या," म्हणाला.

मग त्याने काय केलं तर खिशातलं ते नारिंगी रीळ काढून, जनावर जिथून आत शिरलं तिथल्या झुडपाला एक पट्टी बांधली, रक्त होतं तिथे रस्त्याच्या कडेच्या दगडाला दुसरी. आम्ही वनखात्याला फोन केला. पाऊण तासाने गार्ड मोटरसायकलवर आला, मागे रोजंदारीवरचा एक पोरगा, पंचवीसचा असेल, पायात हवाई चप्पल. गार्डने बॅटरीने सगळं बघितलं, पट्ट्या बघितल्या, दादाकडे जरा संशयाने बघितलं (गोव्यात रात्रीच्या वेळी रानाच्या कडेला हेडलॅम्प लावलेला माणूस, त्याचं काय चुकलं) आणि म्हणाला सकाळी.

त्यानंतरचं बोलणं मी कधी विसरणार नाही. दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे चूक आहे की काय रे? मी थांबतो ते जनावर मरायची वाट बघत थांबतो. इथे कशाची वाट बघायची? हे जगायला पाहिजे ना." आयुष्यभर जो नियम घोकला तो पहिल्यांदाच उलटा आला होता त्याच्यासमोर. गार्डला ऐकू गेलं. तो म्हणाला, आता आत गेलो तर ते घाबरून पळेल, मोडक्या पायाने पळेल, आणि हरणाच्या जातीला पळून पळून पण मरण येतं, जखम बारीक असली तरी. अंधारात जाळी टाकता येत नाही, डॉक्टर रात्री येणार नाही, आणि व्हाळाकडे (ओढ्याकडे) गवे असतात, तुम्हाला काय झालं तर मला लिहावं लागेल. शेवटचं कारण मला सगळ्यात पटलं.

मोलेमला एका लॉजवर पडलो. दादा रात्रभर जागा होता, मला माहीत आहे कारण मी पण जागा होतो. तीनच्या सुमाराला तो उठून खिडकीशी गेला. डिसेंबरात आपल्याकडे कुठला पाऊस, पण सवय.

दिवस चौथा, तीन तास आणि दोनशे पावलं

साडेसहाला पट्टीपाशी आलो. गार्ड, तो पोरगा, आणि आणखी एक जण गोणपाट आणि जाळी घेऊन. आम्हाला आत घ्यायचं की नाही यावर गार्डने विचार केला आणि मग म्हणाला, कुठून शिरलं ते तुम्ही बघितलंय, चला, पण मागून, आणि फोन बंद.

पहिली पन्नास पावलं सोपी. झाडांची मोठी वाळकी पानं पडलेली, त्यांच्यावर थेंब सुकून काळे झालेले. दादाने एक पान उचलून मला दाखवलं. थेंब गोल नव्हता, एका बाजूला बारीक शेपटी ओढल्यासारखी. चालत्या जनावराचं रक्त पडतं तेव्हा शिंतोडे पुढच्या बाजूला उडतात, म्हणजे शेपटी जिकडे तिकडे जनावर गेलं. थोडं पुढे एका जागी सात-आठ थेंब, सगळे गोल. इथे थांबलं होतं, मागे बघत असणार. म्हणजे आमच्याकडेच. कदाचित मी आत घुसलो तेव्हाच. मी काही बोललो नाही, दादा पण बोलला नाही, नारिंगी पट्टी बांधली आणि पुढे.

कुणीही मागावर चालायचं नाही, मागाच्या बाजूने चालायचं, हे गार्डने सांगायच्या आधी दादाने सांगितलं आणि दादाने सांगायच्या आधी तो पोरगा तसा चालतच होता.

मग जांभ्याचा उघडा सडा, म्हणजे कातळाचं पठार, आलं आणि माग संपला. लाल दगडावर लाल माती, आणि त्यात रक्त शोधा. दादा म्हणाला, तिकडे स्प्रेच्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड ठेवतो, रक्तावर मारलं की फेस येतो. ती बाटली हजारो मैलांवर गॅरेजमध्ये. मला म्हणाला, "तू इथे उभा राहा, शेवटच्या थेंबापाशी, आणि काय वाट्टेल ते होवो हलू नकोस." म्हणजे मी खांब. शेवटची खूण हरवली की सगळंच हरवतं, म्हणून एक माणूस तिथे रोवून ठेवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती फेरे मोठे करत जायचं. एक तास दहा मिनिटं मी खांब होतो. पायावर हुमले (लाल मुंगळे) चढले, एक चावला, मी हललो नाही, आणि हे कुणी बघितलं नाही म्हणून इथे लिहून ठेवतो. कंटाळा आला म्हणून शेजारच्या झुडपाला मी पण एक पट्टी बांधली, माझ्याकडे तुकडा होता.

एकदा मीच ओरडणार होतो. झुडपाच्या पानावर लाल ठिपके, ताजे वाटावेत असे. बोट ओलं करून चोळलं तर ठिपका तिथेच. पानाचा रोग. रक्त असतं तर पसरलं असतं, ही युक्ती दादाने पहिल्याच रात्री सांगितली होती.

सापडलं त्या पोराला. तो जमिनीकडे बघतच नव्हता. सड्याच्या पलीकडच्या कडेला वाकून, मांडीच्या उंचीला गवताच्या काड्या बघत चालला होता, अगदी सत्तरीतल्या आजोबांनी सांगितलं तसा, आणि तिथे एका काडीवर मुंग्यांची रांग चढत होती. काडीच्या एका बाजूला बोटभर लांब सुकलेला तपकिरी पट्टा. दुसऱ्या बाजूला काही नाही. "हांगा," म्हणजे इथे, एवढंच म्हणाला. दादा गुडघ्यावर बसून ती काडी इतक्या वेळ बघत राहिला की गार्डने खाकरून दाखवलं.

तिथून माग उताराला लागला. एका ओल्या मातीच्या पट्ट्यात खुरांचे ठसे मिळाले, भेकराचा खूर म्हणजे बघा, माझ्या अंगठ्याच्या दोन पेरांएवढा. तीन ठसे नीट, चौथा नाही, त्याच्या जागी ओढल्याची रेघ. मागचा डावा पाय. पोराने हात वर केला, सगळे जागच्या जागी. खाली व्हाळाचं पाणी वाजत होतं.

करवंदीची जाळी, तिच्या बुंध्याशी सावली, आणि त्या सावलीला कान होते. आधी कानच दिसला. तो फिरला, मग डोळा दिसला, डोळ्यापुढची ती चीर ओली चकचकीत, रडतंय असं वाटावं अशी, ती त्यांची ग्रंथी असते हे मला माहीत आहे, तरी. नर होता. केसाळ खुंटावर बोटाएवढी शिंगं आणि ओठाबाहेर दोन्ही बाजूंनी सुळे. मान उभी होती. जिवंत.

दादा माझ्या पुढे होता. त्याचा उजवा हात नकळत गालापर्यंत आला आणि तिथेच थांबला, धनुष्याची दोरी ओढल्यावर हात जिथे टेकवतात तिथे. मग खाली घेतला. अंतर क्रिकेटच्या पिचपेक्षा कमी होतं.

गार्डने खुणेने आम्हाला मागे पाठवलं. डॉक्टर यायला दहा वाजले. आम्ही वरून, सड्याच्या कडेवरून जेवढं दिसलं तेवढं बघितलं. तिघांनी तीन बाजूंनी हळू जाऊन जाळी टाकली, आणि पहिलं काम काय केलं तर डोळ्यांवर फडकं. डोळे झाकले की जनावर अर्धं शांत होतं. एकदा जोरात भुंकलं, सुळ्याने गोणपाट फाडलं, मग नाही. बोलणं नाही, आरडाओरडा नाही. गोणपाटाच्या झोळीत घालून वर आणलं तेव्हा माझ्या अगदी हाताच्या अंतरावरून गेलं, पोट धापा टाकत होतं भात्यासारखं आणि डाव्या मांडीवर रक्त सुकून केसांचा काळा गठ्ठा झाला होता. दादाने फोन काढला नाही. एरवी हा माणूस मिसळीचे सहा फोटो काढतो.

गाडी बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयाच्या दिशेने गेली. परत येताना दादाने व्हाळापासून रस्त्यापर्यंत सरळ पावलं मोजली, एकशे चौऱ्याण्णव. आम्हाला तीन तास लागले होते. गार्ड म्हणाला पट्ट्या सगळ्या काढा, रानात प्लॅस्टिक नको. दादाला आकडा पाठ होता, रिळातून चौदा तुकडे काढले होते. काढताना तेरा भरल्या. दोनदा वर-खाली केलं, मिळाली नाही.

मोलेम नाक्यावर चहा घेताना दादा म्हणाला, "रात्री गेलो असतो तर?" त्या पोराने बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाला, "व्हाळाच्या पलतडी." म्हणजे ओढ्याच्या पलीकडे. तिथे चढ आहे, आणि मग नुसतं रान.

दिवस पाचवा, परत मोपा

पणजीला माशाची थाळी, मांडवीवर अर्धा तास, आणि विमानतळ. सांगण्यासारखं काही नाही, सुंगटं (कोळंबी) चांगली होती. आईने दादाला कोकम आणि काजू बांधून दिले आणि "सांभाळून जा हो मचाणावर" म्हणाली, जे ऐकून मी गाडीची चावीच खाली पाडली.

दादाला सोडून मी डिचोलीला पोचेपर्यंत गार्डचा व्हॉट्सअ‍ॅप आला होता, आम्हा दोघांना. फोटोत तो पोरगा, हवाई चपला, हातात नारिंगी पट्टी. खाली लिहिलेलं, पट्टी सड्यार मेळ्ळी, तुमचो खांबो उबो आशिल्लो थंय. भेंकरें पालो खाता. पाय अजून टेंकना. म्हणजे पट्टी सड्यावर मिळाली, तुमचा खांब उभा होता तिथे, भेकर पाला खातंय, पाय अजून टेकत नाही.

दादाने गेटवरून उत्तर पाठवलं, थँक्यू सर, आणि वेगळ्या मेसेजमध्ये मला, चौदावी पट्टी तू बांधलीस आणि मला सांगितलं नाहीस?